'म'मध्ये माया असते का?

गोव्यातल्या मराठी गटांत एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मराठी शब्दाचा अर्थ त्याच्या नादातच असतो, 'म' हा मायेचा ध्वनी, म्हणून जगभर आईला 'म'नेच हाक मारतात, 'बुबा-किकी' प्रयोगाने हे सिद्ध झाले आहे, आणि आपल्या ऋषींना ते आधीच ठाऊक होते.

पहिला दावा तर गोव्यात टिकणेच कठीण. इथे एकाच घरात मराठी आणि कोंकणीतले पाणी आणि उदक, कुत्रा आणि सुणें, मोठा आणि व्हडलो हे शब्द सुखाने नांदतात. म्हापशाच्या बाजारात 'मासळी' म्हणा की 'नुस्तें', पिशवीत पडतो तो बांगडाच. मोठेपणाचा खरा नाद कोणता मग, 'मो' की 'व्ह'?

'म'चे म्हणाल तर 'आई' या शब्दात 'म' कुठे आहे? कोंकणी 'आवय'मध्येही नाही. उलट मत्सर, मरण, मळ यांत तो ठळक आहे. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि आई म्हणजे 'देदा'. अनेक भाषांत आईसाठी 'म' येतो हे खरेच, पण भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी दिलेले कारण साधे आहे: दूध पिताना बाळाचे तोंड अडलेले असते, तेव्हा नाकावाटे निघणारा हुंकार 'म'सारखा ऐकू येतो. पुढे भुकेला तोच आवाज निघतो आणि मोठी माणसे त्याला नाव म्हणून स्वीकारतात.

आता बुबा-किकी. एक गोलसर आणि एक टोकदार आकृती दाखवून विचारायचे: यातली 'बुबा' कोणती आणि 'किकी' कोणती? मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी 1929 साली गोलसर आणि टोकदार आकृत्यांसाठी 'बालुमा' आणि 'ताकेते' हे बनावट शब्द वापरले; 'बुबा' आणि 'किकी' रामचंद्रन आणि हबर्ड यांच्या 2001च्या लेखातले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 25 भाषांच्या 917 लोकांपैकी सरासरी 72 टक्के जणांनी बुबाला गोल ठरवले. कल खराच आहे, पण स्वतंत्रपणे पाहिले तर तो 17 भाषांतच ठोस दिसला. दुसऱ्या एका अभ्यासात नेपाळमधल्या स्युबा भाषकांत तर तो दिसलाच नाही. दिलेले शब्द त्यांच्या भाषेच्या घडणीत बसत नव्हते, हे त्याचे एक संभाव्य कारण. शिवाय हे सगळे दोन पर्यायांतून एक निवडण्याबद्दल आहे. त्यातून 'कुत्रा' या शब्दाचा अर्थ निघत नाही.

नादाचा खरा वाटा कुठे आहे, तेही सांगायला हवे. खळखळ, टपटप, रिमझिम यांत तो उघड आहे. 'खरखरीत'मध्ये र आहे आणि 'गुळगुळीत'मध्ये नाही, हा निव्वळ योगायोग नसावा: खडबडीतपणाच्या शब्दांत कंपित 'र' जास्त आढळतो, असे अनेक भाषांच्या तुलनेत दिसले आहे. 2016 साली हजारो शब्दसूची पडताळल्या, तेव्हा 'नाका'च्या शब्दांत न आणि 'जिभे'च्या शब्दांत ल अपेक्षेपेक्षा जास्त सापडला. आपले नाक यात बसते, जीभ बसत नाही. कल म्हणतात तो असा असतो, नियम नव्हे.

ऋषींबद्दल मजकूर लिहिणाऱ्याने निरुक्त, म्हणजे यास्काचा शब्दांच्या व्युत्पत्तीवरचा प्राचीन ग्रंथ, उघडला नसावा. 'काक' हा शब्द आवाजाच्या अनुकरणातून आला आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळ होते, असे यास्क म्हणतो. लगेच औपमन्यव या दुसऱ्या आचार्याचे उलट मतही नोंदवतो. मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य मानतात, पण नित्य म्हणजे नादाशी जुळणारा नव्हे. न्याय दर्शनाच्या नैयायिकांनी तर हा संबंध संकेताचा ठरवला: शब्दाला वस्तू खरोखर चिकटलेली असती, तर 'अन्न' म्हणताच तोंड भरले असते आणि 'अग्नि' म्हणताच भाजले असते!

मजकुराच्या शेवटी 'करून पाहा' म्हणून मऊ-कठीण अशा जोड्या दिल्या आहेत. ही चाचणी नव्हे, अर्थ आधीच माहीत आहे. करायचीच तर बनावट शब्द घ्या आणि दोन्ही आकृत्या सारख्या आकाराच्या, सारख्या जाड रेषेच्या काढा. निम्म्या लोकांना गोल आकृती डावीकडे, निम्म्यांना उजवीकडे दाखवा. शब्द लिहून देऊ नका, फक्त उच्चारा. रोमी लिपीत वाचणाऱ्याला 'बी'चे पोट गोल आणि 'के'चे हातपाय टोकदार दिसतात, मग उत्तर कानाचे की डोळ्यांचे ते कळत नाही. प्रत्येकाला एकदाच विचारा. 20 जणांत 12 बरोबर आले तर नाचू नका. नाणेफेकीतही 12 किंवा अधिक हे साधारण चारांतून एकदा येतात. 15 आले तर बोलू.