आण इकडे, लावून देतो

आपल्याकडे एखादा तंबोरा लावत बसला असेल, तर त्याच्या हातातून तो काढून घ्यायची कुणाची छाती होणार नाही. इस्तंबूलमध्ये साझ, म्हणजे इथलं तारांचं वाद्य, ही सार्वजनिक मालमत्ता आहे. गवसणीत असलं तरीही.

परवा कादिकॉयहून काराकॉयला जाणाऱ्या बोटीत माझ्यासमोर सत्तरीचे एक आमजा बसले होते. आमजा म्हणजे इथले काका. चहात साखरेचा दुसरा खडा ढवळता ढवळता त्यांनी गवसणीकडे पाहिलं.

"लांब दांडीचं ना?"

"हो."

"उघड."

उघडलं. त्यांनी चहा बाजूला ठेवला, साझ मांडीवर घेतलं आणि सातही तारांवरून एकदाच अंगठा फिरवला. मग बराच वेळ समुद्राकडे पाहिलं.

"कुणी लावलं हे?"

"मीच. फोनवर बघून."

"फोनला कान असतात?"

"माइक असतो."

"माइक माझ्या नातवाकडेपण आहे, बाळा. आण इकडे, लावून देतो."

आण इकडे कसलं! साझ केव्हाच तिकडे गेलेलं होतं.

आता यात भानगड काय आहे ती सांगतो. साझला, म्हणजेच बालामाला, सात तारा असतात, पण त्या तीन गटांत. सगळ्यात खाली तीन: दोन बारीक पोलादी आणि एक गुंडाळीची जाड, खालच्या सप्तकातली. तिला बाम म्हणतात. मध्ये दोन, वर दोन. लांब दांडीचं साझ बहुतेक जण खालून वर ला, रे, सोल असं लावतात (ही पाश्चात्य स्वरांची नावं, आपला रे वेगळा). याला म्हणतात बोझुक दुझेन. आखूड दांडीवर ला, रे, मी चालतं (हा 'मी'ही स्वरच). ते बालामा दुझेन. फरक फक्त वरच्या जोडीचा, पण त्यावरून माणसं तावातावाने भांडतात. माझे आमजा कट्टर मी-वाले निघाले. मी सोलवर लावलेली जोडी त्यांनी सरळ उतरवायला घेतली.

"काका, आमचे सर सोलच शिकवतात."

"सर कुठले?"

"इथलेच, इस्तंबूलचे."

"मग बरोबर आहे," आमजा हळहळले. "मी सिवासचा. आशिक वेसेल आमच्याकडचा. त्याला दिसत नव्हतं, तरी त्याचं साझ लागलेलं असायचं. तुला तर दोन डोळे आहेत."

वेसेलपुढे कोण काय बोलणार! हा लोकगायक 1894 साली सिवासजवळच्या सिव्रीआलानमध्ये जन्मला. लहानपणी देवीत आणि पुढे अपघातात दोन्ही डोळे गेले, वडिलांनी विरंगुळा म्हणून साझ हातात दिलं, आणि 1973मध्ये गेला तेव्हा अख्ख्या देशाला त्याची गाणी पाठ होती. माझ्या सुरांचा निकाल लावायला त्याला मध्ये आणणं हा शुद्ध अन्याय आहे, पण इथे हा युक्तिवाद कुठल्याही वादात चालतो.

साझच्या खुंट्या लाकडी, निमुळत्या असतात आणि नुसत्या घर्षणावर टिकतात. म्हणून पिळताना खुंटी आत दाबायची असते. हिवाळ्यात घर गरम करण्यामुळे लाकूड आकसतं आणि खुंट्या घसरतात. तेव्हा जरासा खडू चोळायचा. आमजांनी दाबलीही नाही, चोळलंही नाही. वरची जोडी मीवर आणली आणि "आता खालची बघू" म्हणत बारीक तारेकडे वळले. ही तार 0.18 मिलिमीटरची. तिला स्वर चढवायचा तर केसभर पिळायचं, ऐकायचं, पुन्हा केसभर. आमजांनी मनगटभर पिळलं.

टण्ण.

बोटीतली निम्मी माणसं वळून बघायला लागली. आमजांनी तुटकं टोक नीट निरखलं.

"जुनी होती."

तार सकाळीच चढवलेली होती. तसं म्हणालोही. त्यावर ते म्हणाले, "मग दुकानदाराने फसवलं," आणि उरलेला चहा संपवून उतरायच्या रांगेत जाऊन उभे राहिले. जाताना सल्ला: रोज वाजव.

नशीब, एवढ्यावरच निभावलं. सगळ्या तारा एकदम सैल केल्या असत्या तर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, पडली असती. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर तबलीवर, म्हणजे साझच्या पुढच्या लाकडी पाटावर, उभी असते. म्हणून तारा बदलायच्या त्या एकेक करून, आणि घोडीच्या पायाशी आधीच पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवायची. घोडी दोन मिलिमीटर सरकली तरी मोकळी तार आणि तिचा वरच्या सप्तकाचा पडदा (दांडीवरची तार दाबायची खूण) जुळत नाहीत, आणि मग माणूस उगाच स्वतःच्या कानांना दोष देत बसतो.

कानांचं दुखणं वेगळंच आहे. पेटीवर घोटलेल्या कानाला सप्तकात 12 स्वर माहीत. साझवर सप्तकात 17 पडदे. ला हा सा धरला, तर त्यापुढे एक पडदा असा येतो की तो धड कोमल रे नाही, धड शुद्ध रे नाही, जवळजवळ मधोमध. इथे त्याला सी बेमोल दोन म्हणतात आणि अर्धी लोकगीतं त्याच्यावर उभी आहेत. आपल्याला पहिल्यांदा तो बेसूर लागतो, फोन तर लाल दिवा लावून ओरडतोच. त्यात हे पडदे नायलॉनच्या दोऱ्याचे, दांडीला गुंडाळून गाठ मारलेले, सरकणारे. त्यामुळे ज्याला जसा हवा तसा तो सरकवतो आणि "आमच्याकडे असाच" म्हणतो. आपण आपला पडदा शोधत बसायचं.

हातांचं तर विचारूच नका. सतार शिकलेल्याला डावा अंगठा दांडीमागे लपवायची सवय. इथे तोच अंगठा वरून आणून वरची तार दाबायची. उजव्या हातात तेझेने, म्हणजे नखी. पूर्वी ती चेरीच्या सालीची असे, आता प्लास्टिकची. नवखा माणूस ती घट्ट धरतो आणि दर फटक्याला तारेत अडकवतो. टोक जेमतेम बाहेर ठेवून सैल धरली की ती आपली आपण वाकते. हे वाचायला सोपं आहे. शिवाय साझची पाठ गोल, त्यामुळे ते मांडीवरून सारखं घसरतं. मांडीवर रबरी जाळीचा तुकडा टाकला की बसतं. हा तुकडा भांड्यांच्या दुकानात मिळतो, वाद्यांच्या दुकानात नाही.

वाद्यांच्या दुकानांवर तर माझा वेगळाच राग आहे. गलाटाच्या उतारावर एकाशेजारी एक दुकानं, बाहेर शिंपल्यांची नक्षी केलेली चकचकीत साझं टांगलेली. पाहुण्याने नक्षी बघायची आणि पैसे मोजायचे. त्यापेक्षा एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकावी: वाकलेली दिसली तर सोडून द्यावं. मग तबलीजवळच्या पडद्यांवर तार दाबून पाहावी. तिथे ती फार उंच असेल, तर आठवड्यात बोटं सोलवटतात, आणि दाबताना ताणली गेल्यामुळे स्वरही चढाच लागतो.

त्यांपैकी एका दुकानात बारीक तार सुटी मागितली. नाही म्हणे, अख्खं पाकीटच घ्यावं लागेल. दर वेळी तुटते ती बारीकच, त्यामुळे घरी आता जाड बामच्या तारांचा ढीग झालाय. कुणाला हव्या असतील तर घेऊन जा, बोटीचं भाडं मी देईन.