मोरोक्को नुसता चौकीदार नाही
स्थलांतरावरच्या त्या लेखात मोरोक्कोला युरोपचा चौकीदार, म्हणजे युरोपात निघालेल्या लोकांना वाटेत अडवणारा देश, म्हणून मोकळे झाले, पण ते अर्धंच आहे ना भाऊ. त्यांची स्वतःची पोरं फ्रान्स-स्पेनला कमवायला जातात, घरी पैसे धाडतात, आणि खालून माली, सेनेगल, कॅमेरूनचे लोक सेउता-मेलियाच्या (मोरोक्कोला लागून असलेली स्पेनची दोन शहरं) कुंपणाकडं निघालेले ते मोरोक्कोतच अडकून राहतात. मोरोक्कोचा 2003 चा स्थलांतराचा कायदा दंडुक्याचाच होता, पण 2013 ला त्यांनी धोरण बदललं, 2014 अन् 2017 ला मोहीम काढून बाहेरून आलेल्या हजारो लोकांना राहायचे कागद दिले, हे का नाही लिहिलं? (जून 2022 ला मेलियापाशी कमीत कमी 23 जीव गेले हेही खरंच.) परक्याला ठेवून घेणं आपल्यालाही कुठं सोपं आहे? आपल्या नागपुरात 2020 च्या लॉकडाऊनमधे पायी जाणाऱ्या मजुरांना जेवण दिलं लोकांनी, पण खोली भाड्यानं किती जणांनी दिली असती बाप्पा?