हमाली कट्ट्यावर असते, क्विंटलवर नाही

दिवाळीत बहिणीकडे सेलूला गेलो होतो. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरलाच. जेवताना गप्प होता. हात धुवायला अंगणात आलो तर मागोमाग आला आणि हळूच म्हणाला, "मामा, मी कॉम्प्युटर घेतलं ते चुकलं का? सगळे म्हणायलेत, आता कोड एआयच लिहायलंय."

मी पंधरा वर्षं हेच काम करतोय. अकरा पुण्यात काढली, आता परभणीत घरूनच. तरी त्याला लगेच उत्तर देता आलं नाही.

कोड लिहायला मदत करणारं कोपायलट नावाचं एआय २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं तेव्हा मी हसलो होतो. ओळ पुरी करून देतंय, फार तर टायपिंग वाचेल! आज कर्सर किंवा क्लॉड कोड अशा एआय साधनाला काम सांगितलं की ते स्वतःच फाइली उघडतं, बदल करतं, कोड तपासणाऱ्या टेस्ट चालवतं, चुकलं तर पुन्हा दुरुस्त करतं. दोन दिवसांचं काम कधी कधी जेवणाआधी उरकतं. हे सगळं थोतांड आहे म्हणणाऱ्यांनी एक तर वापरून पाहिलेलं नाही, नाहीतर ते घाबरलेत.

पण मोंढ्यातला एक किस्सा सांगतो. ओळखीच्या एका आडत्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मी बघतो. मागच्या हरभऱ्याच्या हंगामात पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदाचा, भाग नव्यानं लिहायचा होता. एआयला सांगितलं, अर्ध्या तासात कोड तयार. टेस्टही त्यानंच लिहिल्या, सगळ्या पास. मी वरवर नजर फिरवली आणि चढवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमकाकांचा फोन. "साहेब, हमाली निम्मीच कापायलीय तुमची मशीन." त्या दुकानात हमाली कट्ट्यामागे, म्हणजे पोत्यामागे घेतात. एआयनं ती क्विंटलमागे धरली होती. पन्नास किलोचे दोन कट्टे, हमाली एकाची. कोड चुकला होता तसाच टेस्टही चुकली होती, दोघांचा बाप एकच ना! मुनीमकाकांनी एक पट्टी हातात घेतली आणि ओळखलं. ते दहावी नापास आहेत. एआयला दोष देऊन मी सुटत नाही, कारण न वाचता चढवलं ते मीच.

मेटर नावाच्या अमेरिकी संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांत कामं दिली, काही एआय घेऊन, काही त्याच्याशिवाय. एआय घेऊन १९ टक्के वेळ जास्त लागला. आणि विचारलं तर तेच लोक सांगत होते की आमचा २० टक्के वेळ वाचला. त्यानंतर साधनं बरीच सुधारली, हे खरं. पण तो भ्रम मला माझ्याच घरात भेटला.

आता भाच्याचं. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं काय केलं? दुसऱ्याच्या जुन्या कोडमध्ये रिपोर्टचा एक कॉलम वाढव, टेस्ट केस लिही, रात्री बसून लॉग वाच. कंटाळवाणं, पोरखेळ वाटावं असं काम. ती खुरपणी होती. आमच्या रानात तणनाशक आलं तेव्हा आईची कंबर सुटली, तिला विचाराल तर ती आजही दुवाच देईल. पण खुरपायला बसलेली बाई तासातासानं सगळं सोयाबीन बघायची. कुठं अळी पडली, कुठं पाणी साचतंय, कुठलं पान पिवळं पडायलंय, हे मालकाच्या आधी तिला कळायचं. फवारणारा पंप पाठीवर घेऊन एकर संपवतो आणि धुऱ्यावर येऊन बसतो.

एआयनं पहिल्यांदा हीच खुरपणी खाल्ली. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेतले पगाराचे आकडे तपासले, तर २२ ते २५ वयाच्या डेव्हलपरांच्या नोकऱ्या २०२२ अखेरच्या टोकापासून जुलै २०२५ पर्यंत जवळपास २० टक्क्यांनी घटलेल्या. एआय हेच एकमेव कारण, असं मी म्हणणार नाही. कोरोनात कंपन्यांनी वारेमाप भरती केली होती, व्याजदर वाढले, तेही आहेच. आणि वरचेही सुरक्षित नाहीत. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार लोक कमी करायचं जाहीर केलं, ते मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले.

पण आपल्याकडं हे जास्त का लागतं? परभणी, हिंगोली, बीडची पोरं ट्रॅव्हल्सनं पहाटे हिंजवडीला उतरली ती याच फ्रेशरच्या, म्हणजे नवख्यांच्या भरतीच्या दारातून. इंग्रजी मोडकं, ओळख कुणाची नाही, पण कंपनी घाऊक भरती करायची आणि दोन वर्षं शिकवून घ्यायची. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणत हसणाऱ्यांच्या शेजारच्या टेबलावर आम्ही याच दारातून जाऊन बसलो. ज्याचा काका सॉफ्टवेअर कंपनीत आर्किटेक्ट आहे त्याला दुसरी वाट सापडेल. आणि कंपन्यांचं गणित तर मला अजिबात कळत नाही. आज फ्रेशर घ्यायचा नाही, मग दहा वर्षांनी एआयचा कोड तपासणारा सीनिअर कुठून आणायचा? (तीन महिन्यांत एआय डेव्हलपर करून देतो म्हणणारे फ्लेक्स मात्र चौकाचौकात लागलेत. त्यांची फी भरण्याआधी शिकवणाऱ्यालाच त्याचा कोड समजावून सांगायला लावा.)

भाच्यानं एआयकडून दोन दिवसांत एक ॲप करून घेतलंय, दिसायला झकास. लॉगिन कसं चालतं विचारलं तर माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, "कॉम्प्युटर घेतलं ते चुकलं नाही. पण जे काम तुला पगार देऊन शिकवणार होते, ते आता कुणी देणार नाही. ते तुलाच शोधावं लागेल." आणि सुट्टीतले आठ दिवस त्याला मुनीमकाकांच्या शेजारी बसवलं. बहिणीला पटलं नाही. पोरगं इंजिनिअर करायलोय का हमाल, म्हणाली.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. "मामा, भिजलेला माल वाळवून परत कट्ट्यात भरावा लागतोय, त्याची हमाली वेगळी लागतीय. तुमच्या सॉफ्टवेअरमधी त्याला जागाच नाही. काका ते पेनानं पट्टीच्या मागं लिहितेत."