भुसा पडत नाही, तीच तर गोम आहे

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, रत्नागिरीच्या तुमच्या बागेत आंब्याला भिरूड लागला की बुंध्याशी भुसा पडतो आणि ते शेंबड्या पोरालाही कळतं. अमेरिकेतल्या ॲश नावाच्या झाडाच्या किडीवर, म्हणजे एमराल्ड ॲश बोररवर, लिहिताना मी भुशाचं नावही काढलं नाही, म्हणून लेख अर्धवट. शिवाय ‘भोकं शोधा’ सांगून लोकांना उशीर करायला लावला.

भुशाबद्दल मी माघार घेणार नाही. भिरुडाची अळी लाकूड पोखरते आणि भुसा छिद्रातून बाहेर ढकलते. एमराल्ड ॲश बोररची अळी सालीच्या लगेच खाली, अन्नरस वाहणाऱ्या थरात नागमोडी बोगदे कोरते आणि भुसा मागच्या मागे तिथेच ठासत जाते. आमच्या मिशिगनच्या अंगणातल्या ॲशची सुटलेली साल मी स्क्रूड्रायव्हरने उचकटली, तर आत तपकिरी पिठाने लिंपलेली वळणंच वळणं. बुंध्याशी चिमूटभर भुसा नाही. तारेचा हूक घालून अळी ओढायची आपली युक्तीही इथे चालत नाही. एकेका झाडात शेकडो असतात.

भोकांचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. इंग्रजी ‘डी’सारखं ते जेमतेम 3 मिलिमीटरचं भोक म्हणजे भुंगेरा आपलं काम उरकून निघून गेल्याची खूण. लागण बहुधा वरच्या फांद्यांपासून होते. भोक डोळ्यांसमोर येईतो वर काही वर्षं गेलेली असतात. मी तेच पहिलं लिहिलं, ही चूक. आज क्रम बदलतोय: आधी शेंडा विरळ झालाय का, मग सुतारपक्षी. अळ्यांसाठी तो वरची साल खरवडतो आणि खोडावर फिकट चट्टे उमटतात. (त्या हिवाळ्यात मी कौतुकाने त्याचे फोटो काढत होतो!) बुंध्याला अचानक फुटलेले धुमारे त्यानंतर.

शेंडा साधारण 30 टक्क्यांहून कमी विरळ असेल, तर एमामेक्टिन बेंझोएट या कीटकनाशकाचं इंजेक्शन खोडात देऊन झाड वाचू शकतं.

तुमच्या न्यू जर्सीच्या झाडाला भोकं गोल आहेत म्हणता. मग हा किडा नसावा. गोल भोकं पाडणारे इथले जुने किडे वेगळे. मुळात ते ॲश आहे का? फांद्या समोरासमोर फुटल्यात का, तेवढा फोटो टाका.