वरणातली हळद आणि अमेरिकेचं पेटंट

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज वर्षातून दोनदा तरी उगवतो: ‘अमेरिकेने आपल्या हळदीचं पेटंट घेतलं होतं. माशेलकरांनी कोर्टात लढून ते सोडवलं नसतं, तर आज वरणात हळद घालायलाही पैसे मोजावे लागले असते. आता तर कंपन्या आपल्या जनुकांच्याही मालक आहेत!’ या वेळी तो काकांनी टाकला, म्हणून जरा सविस्तर.

‘अमेरिकेने घेतलं.’ पेटंट देश घेत नसतो. १९९५ साली ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. अर्जावरचे दोन्ही संशोधक भारतीय वंशाचे होते, पण मेसेजमध्ये हे कधी नसतं.

‘हळदीचं पेटंट.’ हळद या वस्तूचं नव्हतंच. पेटंटचा सगळा जीव त्यातल्या क्रमांक घातलेल्या दाव्यांत असतो, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणाऱ्या वाक्यांत. इथे दावा होता तो जखम भरून यावी म्हणून हळद देण्याच्या पद्धतीवर, पोटातून किंवा वरून लावून. म्हणजे गुडघा फुटला की आजी चिमूटभर हळद दाबायची, तेच. वरणाचा संबंध नाही. शिवाय अमेरिकेचं पेटंट अमेरिकेपुरतंच. आपल्या स्वयंपाकघरात ते येणार कुठून? (सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मिळालं ते भौगोलिक मानांकन. त्यालाही लोक पेटंटच म्हणतात.)

‘कोर्टात लढून.’ कोर्ट नव्हतं. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेने अमेरिकी पेटंट कार्यालयातच फेरतपासणीचा अर्ज केला. तिथे ‘आमच्याकडे घरोघरी लावतात’ एवढं सांगून भागणार नव्हतं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली नुसती वहिवाट पुरावा म्हणून धरत नसत, छापील काहीतरी लागे. मग ३२ संदर्भ गोळा झाले. त्यात संस्कृत मजकूर होता आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ सालचा एक लेखही. दाव्यात नवीन काही नाही हे दिसलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरलं. मला तर कोर्टातल्या काल्पनिक लढाईपेक्षा जुनी कागदपत्रं धुंडाळणारी ही माणसं जास्त भारी वाटतात.

‘कंपन्या जनुकांच्या मालक.’ यात तथ्य होतं, पण बातमी शिळी आहे. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांवर मिरियड जेनेटिक्स या कंपनीकडे अमेरिकेत पेटंटं होती. तुमच्या पेशीतलं जनुक तेव्हाही तुमचंच होतं. पण इतर प्रयोगशाळांना या जनुकांची तपासणी कंपनीने बंद करायला लावली, आणि भुर्दंड बायकांना पडला. १३ जून २०१३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की निसर्गातला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून ती नवनिर्मिती ठरत नाही. हळकुंड उकरून स्वच्छ धुतलं म्हणून ते तुम्ही निर्माण केलं असं होत नाही, तसंच. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(क) पण निसर्गात आढळणाऱ्या सजीव-निर्जीव गोष्टींचा नुसता शोध लागला तर त्याला पेटंट देत नाही.

काका आता ‘जैविक कशालाच पेटंट मिळत नाही’ असा उलटा मेसेज फिरवतील, म्हणून एवढं राहिलं: त्याच निकालात प्रयोगशाळेत तयार केलेल्या सीडीएनएला (जनुकातले प्रथिन न बनवणारे भाग गाळून बनवलेली डीएनएची प्रत) पेटंट मिळू शकतं असंही म्हटलंय. आणि आनंद चक्रवर्तींनी घडवलेल्या, कच्चं तेल पचवणाऱ्या जिवाणूला त्याच न्यायालयाने १९८० मध्येच ५ विरुद्ध ४ मतांनी पेटंटयोग्य ठरवलं होतं.