कायदा कलर-ब्लाइंड असावा म्हणणारा एका डोळ्याचा वकील

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी आरक्षणावरून जुंपतेच. परवा आतेभावाने थेट अमेरिकेचा दाखला फेकला, कायदा कलर-ब्लाइंड पाहिजे, म्हणजे त्याने माणसाचा रंग-वंश बघूच नये, तिकडच्या सुप्रीम कोर्टाचे जज जस्टिस हार्लननी 1896 मध्येच एका केसच्या निकालात सांगून ठेवलंय वगैरे. मी तिथे गप्प बसलो, कारण गणपतीत सगळ्यांना एका पंगतीला बसायचंय. म्हणून इथे लिहितोय.

तर ही कल्पना हार्लनची नाही. त्याच केसमधल्या हरलेल्या वकिलाने आपल्या लेखी युक्तिवादात ती आधी मांडली होती. न्यायदेवता आंधळी दाखवतात, मग तिची मुलगी म्हणजे कायदा, तिने निदान रंगांधळं तरी असावं, असं त्याचं म्हणणं. नाव अल्बियन टूर्झे. गंमत म्हणजे याचा स्वतःचा एक डोळा 14व्या वर्षीच गेलेला.

जन्म 1838, ओहायो. गुलामगिरीवरून अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण राज्यांत यादवी युद्ध सुरू झालं तसा गडी उत्तरेच्या सैन्यात शिरला. 1861 मध्ये बुल रनच्या लढाईत पळापळीत तोफेच्या गाड्याचं चाक पाठीत बसलं, काही काळ पाय हलेनात, डॉक्टर म्हणाले संपलं. हा बरा होऊन परत भरती! मग पुन्हा जखमी, मग कैद, सुटल्यावर परत लढाई, शेवटी पाठीनेच हात टेकले तेव्हा 1863 च्या डिसेंबरात राजीनामा. पाठीचं दुखणं मात्र जन्मभर.

वकील झाला आणि युद्ध संपल्यावर गेला कुठे, तर दक्षिणेतल्या नॉर्थ कॅरोलिनात, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लढला त्यांच्याच गावात राहायला. 1868 ते 1874 तिथे जज. कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीचा जोर होता, 1870 मध्ये त्याचा मित्र, स्टेट सिनेटर जॉन स्टीफन्स, याला क्लॅनवाल्यांनी चक्क कोर्टाच्या इमारतीत मारलं. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली ना, तेव्हा त्यांच्यातला हा एक जण तिकडे जीव मुठीत धरून खुर्चीवर बसला होता.

आता ती केस. लुइझियानात 1890 मध्ये कायदा झाला, रेल्वेत गोऱ्यांचा डबा वेगळा, काळ्यांचा वेगळा. न्यू ऑर्लिन्सच्या लोकांनी त्याविरुद्ध कमिटी केली, वर्गणी काढली, आणि 7 जून 1892 ला होमर प्लेसी नावाचा चांभारकाम करणारा तरुण फर्स्ट क्लासचं तिकीट काढून मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला. दिसायला गोराच, आठातला एक हिस्सा काळा. अटक ठरवूनच झाली, म्हणजे कायद्याला कोर्टात आव्हान देता येईल. त्याची केस टूर्झेने फी न घेता लढवली.

त्याने पकडलेला एक मुद्दा मला फार आवडतो. त्या कायद्यात एक सूट होती: दुसऱ्या वंशाचं मूल सांभाळणाऱ्या आयाला हा नियम लागू नाही. म्हणजे काळी आया गोऱ्या बाईचं बाळ मांडीवर घेऊन गोऱ्यांच्या डब्यात बसू शकते, तीच बाई स्वतःचं तिकीट काढून एकटी आली की चालणार नाही. शेजारी बसण्याचा त्रास नव्हताच कुणाला हो, बरोबरीने बसण्याचा होता. आपल्याकडे वाड्यात धुणंभांड्याला चालणाऱ्या बायका पाण्याच्या हंड्याला चालायच्या नाहीत, तेच हे.

सुप्रीम कोर्टाचा निकाल 18 मे 1896, 7 विरुद्ध 1, प्लेसी आणि टूर्झे हरले. विरोधात गेलेला तो एक जज म्हणजे हार्लन. त्याचं धाडस मोठंच, पण ज्या परिच्छेदात ते कलर-ब्लाइंडचं गाजलेलं वाक्य आहे त्याच परिच्छेदात तो आधी म्हणतो की गोरा वंश देशात वरचढ आहे आणि पुढेही राहील. हे कुणी फॉरवर्ड करत नाही. 2023 मध्ये तिकडच्या सुप्रीम कोर्टाने कॉलेज अ‍ॅडमिशनमधला वंशाचा विचार बंद केला तेव्हाही हेच वाक्य बाहेर काढलं. ज्यांना डब्यातून उतरवलं त्यांच्यासाठी लिहिलेली ओळ त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या जागा काढायला वापरायची, याला माझ्या मते लबाडी म्हणतात.

प्लेसीने 1897 मध्ये 25 डॉलर दंड भरला. टूर्झे फ्रान्समध्ये बोर्दो शहरात अमेरिकेचा कॉन्सुल, म्हणजे सरकारी प्रतिनिधी, होऊन गेला, 1905 मध्ये तिथेच वारला. प्लेसीला माफी मिळाली 2022 मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा.

आतेभावाला ही पोस्ट पाठवणार नाही, एवढी मोठी तो वाचायचा नाही. फक्त विचारणार आहे, त्या आयाला डब्यात का बसू दिलं असेल रे?