‘एका खमक्या माणसाकडे पैसे द्या’: व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सल्ल्याला उत्तर

पूर किंवा वादळ झालं की कोकणातल्या गावांच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. परदेशातल्या आपल्या माणसांनी गावातल्या एका खमक्या माणसाच्या खात्यात थेट पैसे टाकावेत. समिती आली की भांडणं आली आणि काम रखडलं. आणि पैसा ज्याचा, निर्णयही त्याचाच. दुबई-कुवेतपासून लंडनपर्यंतची माणसं हा सल्ला पुढे पाठवतात. त्यांची गावाबद्दलची तळमळ खरी आहे, म्हणूनच त्या तळमळीची माती होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

‘थेट खात्यात टाका.’ कुणाचे पैसे आणि कुणाचं खातं, हे आधी पाहावं लागतं. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत गावच्या नोंदणीकृत न्यासाला पैसे देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्याच सख्ख्या भावाने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत सरकार देतं ते) असूनही त्याचे पैसे परदेशी देणगी ठरतात. लंडनमध्ये नोंदलेल्या मंडळाचे पैसे तर सगळे सभासद चिपळूणचे असले तरी परदेशीच. असे पैसे सामाजिक कामासाठी घ्यायचे तर २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि हा नियम व्यक्तीलाही लागू आहे. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम खात्यात आली की ती त्या माणसाचं करपात्र उत्पन्न धरली जाते. म्हणजे गावासाठी धावणाऱ्या माणसालाच आपण नोटिशीच्या तोंडी देतो.

मग मुंबईतली एखादी मोठी संस्था पैसे घेईल आणि गावच्या मंडळाकडे वळवेल, असा तोडगा सुचवला जातो. २०२० च्या दुरुस्तीने तो बंद झाला. नोंदणी असलेली संस्था परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. गावच्या मंडळाने स्वतः नोंदणी करायची म्हटलं, तर सर्वसाधारणपणे किमान तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. वाडीचं मंडळ इथेच अडतं. परदेशी देणगीसाठी सहसा चालणारी वाट एकच: मोठ्या संस्थेने दुकानदाराची, गवंड्याची बिलं स्वतः भागवायची आणि काम काय, कुठे, कुणाकडून हे गावाने ठरवायचं. ही वाटणी लेखी करार केल्याशिवाय टिकत नाही. सल्ल्यात ज्या समितीला नाव ठेवलंय, तिच्याशिवाय पैसा वाडीपर्यंत कायदेशीरपणे पोहोचणंच अवघड आहे.

आखातातल्या मित्रांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. संयुक्त अरब अमिरातीत परवान्याशिवाय लोकांकडून देणगी गोळा करणं गुन्हा आहे, आणि २०२१ च्या कायद्यात त्यासाठी जबर दंड आहे. ग्रुपवर ‘गावासाठी इतके दिरहम द्या’ असं आवाहन टाकणाराही त्यात अडकू शकतो. तिथे ज्याने त्याने आपल्या बचतीतून स्वतंत्रपणे पाठवणं हेच शहाणपणाचं.

‘समितीने काम रखडतं.’ एकवीस जणांची, कुणी काय ठरवायचं हे न लिहिलेली समिती रखडतेच, हे मान्य. पण औषध म्हणून एकच माणूस नेमायची गरज नाही, मर्यादा लिहून ठेवायच्या. आमचा आग्रह साधारण असा आहे: सात जण, त्यात बचत गटाच्या किमान दोन बायका. २५,००० पर्यंतचा खर्च गावातल्या दोघांनी त्याच दिवशी करावा, नंतर कळवावं. दोन लाखांपर्यंत गाव, मुंबई आणि परदेश यांतल्या प्रत्येकी एकाने ४८ तासांत उत्तर द्यावं. उत्तर आलं नाही तर होकार धरावा. त्यावरचा निर्णय बैठकीतच. बैठक रविवारी रात्री आठला ठेवली तर दुबईत साडेसहा आणि लंडनमध्ये उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात आला तसा पूर पुन्हा आला, तर पंप, फावडी आणि ब्लीचिंग पावडर यांसाठी लंडनच्या उत्तराची वाट कुणी पाहणार नाही.

खरा उशीर बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने होतो. कोकणात बांधकामाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मे अखेरीला संपतो. अमेरिकेतले बरेच देणगीदार डिसेंबरअखेर पैसे सोडतात, आपला हिशेब मार्चला बंद होतो, आणि कागदपत्रं उरकेपर्यंत जून उजाडतो. म्हणून ‘न वापरलेली रक्कम पुढच्या हंगामात वापरता येईल’ हे वाक्य करारात हवंच. ते नसलं की मार्चमध्ये घाईघाईने नको तिथे खर्च होतो.

‘पैसा ज्याचा, निर्णय त्याचा.’ खाडीकाठच्या गावात हे कसं अंगाशी येतं ते खारबांधावर, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधावर, पाहावं. बांध मातीचा, खाडीच्या अंगाला दगडाचं पिचिंग (रचलेल्या दगडांचा थर), आणि मध्ये उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप लावलेली वाट. उघाडीची झडप ओहोटीला उघडते, आतलं पाणी बाहेर पडतं. भरतीला ती दाबली जाऊन बंद होते. लोखंड खाऱ्या हवेत गंजतं, झडपेत ओंडका अडकतो, खेकडे बांधात बिळं पाडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याच बिळातून पाणी वाट धरतं आणि खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भात नीट येत नाही.

देणगीदाराला बांधाचा फोटो हवा असतो, झडपेच्या डागडुजीला पैसे द्यायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. शेतकऱ्याला भरतीचं पाणी बाहेरच हवं असतं, कोळंबी करणाऱ्याला ते आत हवं असतं. भरतीत झडप कधी उघडी ठेवायची, हा गावातला सगळ्यात नाजूक निर्णय असतो. तो लंडनहून घेता येत नाही आणि एकट्या खमक्या माणसाने घेतला तर निम्मं गाव दुसऱ्या बाजूला जातं. कोळंबीवाल्यांना समितीत जागा द्या, आणि मूळ रकमेतले निदान १० टक्के पहिल्या तीन पावसाळ्यांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा. खाडीकडची कांदळवनं तोडून भिंत बांधायची सूचना आली तर ती तिथेच थांबवा: तोड बेकायदा आहे आणि लाटांचा पहिला मार तीच कांदळवनं खातात.

‘खमका माणूस सगळं सांभाळेल.’ तो आजारी पडला, मुलाकडे पुण्याला गेला, की बँकेतली सही, कागदपत्रं, ठेकेदाराशी झालेली तोंडी बोलणी सगळंच अडतं. सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, द्यावा लागतो. तो न दिल्यामुळे वारलेल्या विश्वस्तांची नावं वर्षानुवर्षं कागदावर राहतात, आणि नवीन माणसांची सही बँक घेत नाही. त्यामुळे पहिला हप्ता पाठवण्याआधी न्यासाचा शेड्यूल वनचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांच्या नावांची नोंद) मागवा आणि त्यावरची माणसं हयात आहेत का, गावात राहतात का, ते विचारा. नसतील तर आधी चेंज रिपोर्ट दाखल करून त्याची पोच मागा, पैसे त्यानंतर.